बेटांकडे पाठ करून

आमच्या घरातली सकाळ स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी सुरू होते आणि दादाच्या खुर्चीपाशी येऊन थांबते. बायको चहाचे आधण ठेवते. ते उकळेपर्यंत मी दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी आणतो, तिचा एक कोपरा कापतो आणि नेमके थोडे दूध ओट्यावर सांडतो. बायको ते पुसते आणि काही बोलत नाही, म्हणजे काय बोलली असती ते मला कळते. एवढ्यात दादा आपल्या खोलीतून बाहेर येतो. वेताच्या खुर्चीत बसण्यापूर्वी तो चष्मा काढतो, काचांवर तोंडाची वाफ सोडतो आणि खिशातल्या पिवळ्या फडक्याने आधी उजवी, मग डावी काच पुसतो. दादाचे चष्म्यांचे दुकान होते. सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसणारा माणूस आयुष्यात कुठलीही पातळी गाठू शकतो, असे त्याचे मत आहे, आणि ते व्यक्त करताना तो माझ्याकडे पाहतो.

चष्मा लावून झाला की तो खिडकीकडे तोंड करून बसे. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. वहिनी गेल्यावर दादाने दुकान विकले आणि तो आमच्याकडे राहायला आला. तेव्हापासून त्या टाकीकडे तो इतक्या निष्ठेने पाहत होता, की ती भरून वाहू लागली असती तर पहिली खबर आम्हाला त्याच्याकडूनच मिळाली असती. एकदा ती खरोखरच वाहू लागली. दादा काहीच बोलला नाही. त्या दिवशी मात्र आम्ही दोघेही घाबरलो.

तसा तो विचारल्यावर बोलत असे. "दादा, चहा?" "दे." "बरं वाटतंय ना?" "वाटतंय." पण आपण होऊन उच्चारलेले असे त्याचे एकही वाक्य कित्येक महिन्यांत आमच्या संग्रही नव्हते.

मग एका रविवारी त्याने वर्तमानपत्राची पुरवणी उघडली. मधल्या पानावर समुद्रातल्या बेटांचे मोठे छायाचित्र होते, आणि दोन बेटांच्या मधल्या निळ्या पाण्यात एक लांबट, अरुंद होडी. दादाने पान थोडे जवळ धरले, थोडे लांब धरले, आणि तो म्हणाला, "ही बेटं आपल्या इथलीच ना रे, बारक्या? वल्हवत जातात म्हणे तिकडं. एकदा जायचं म्हणत होतो आम्ही."

माझ्या हातातला टोस्ट चहात पडला. बायको सांडशी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि त्या सांडशीनेच तिने मला खूण केली, की बोला काहीतरी, हा क्षण घालवू नका.

"जाऊ की!" मी म्हणालो. दोनच शब्द; पण मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात आरेखक आहे आणि पाण्याशी माझा संबंध आजवर केवळ निळ्या शाईपुरता आला आहे, हे लक्षात घेता ते फार मोठे होते.

येथे एक खुलासा करणे भाग आहे. ही सहल दादासाठी आहे, हे दादाला सांगण्याची सोय नव्हती. आपल्यासाठी कुणी काही करते आहे याचा त्याला वास जरी आला तरी तो ते हाणून पाडतो. मागे मी त्याला हातात धरायची काठी आणून दिली, तर त्याने तिने छतावरची जळमटे काढली आणि "चांगली आहे," असा शेरा देऊन ती झाडूशेजारी ठेवली. तेव्हा डॉक्टरांनी मलाच वल्हवण्याचा व्यायाम सांगितला आहे, असे मी जाहीर केले. माझ्या पोटाकडे पाहून कुणालाही शंका आली नाही. बारक्या हे माझे नाव किती जुने आहे, याचा यावरून अंदाज यावा.

दुसऱ्या दिवशी मी नौकानयन क्लबला फोन केला. पलीकडून तिथल्या प्रशिक्षिका बोलत होत्या. आवाज तरुण आणि घाईचा.

"आम्हाला बेटांची फेरी करायची आहे," मी म्हणालो.

"ग्रुप आहे का?"

आता यावर सरळ उत्तर 'नाही, आम्ही दोघे भाऊ' असे होते. परंतु पन्नाशी उलटलेल्या दोन माणसांना समुद्रात होडी हवी आहे, हे बोलून दाखवण्याचा प्रसंग आला तेव्हा माझा धीर सुटला. "अर्थातच," मी भारदस्त आवाजात म्हणालो.

"मग पाच जणांची होडी. चौघं वल्हवतात, एक सुकाणू धरतो. पण बेटांकडे एकटी होडी सोडत नाही आम्ही. दोन लागतील. दहा माणसं आहेत ना?"

"दहा तर आहेतच," मी म्हणालो आणि फोन ठेवला. घरात आम्ही तिघे होतो, आणि त्यांतली एक व्यक्ती म्हणाली, "मी पाण्यात उतरणार नाही हां. मी घरी बसून काळजी करेन. तेही कुणीतरी करायला हवंच ना?"

उरलेली माणसे शोधण्याचा मी विचार करत होतो, एवढाच माझा अपराध. त्या विचारात मी लिफ्टमध्ये शिरलो आणि आत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. आमची लिफ्ट सावकाश चालते. चौथ्या मजल्यावर मी म्हणालो, "तुम्हाला वल्हवता येतं का हो?" दुसऱ्या मजल्यावर ते म्हणाले, "का?" तळमजल्याला दार उघडले तेव्हा ती सोसायटीची वार्षिक सहल झाली होती, ते स्वतः तिचे अध्यक्ष ठरले होते, आणि मला सभेसाठी माझाच हॉल देण्याची विनंती करण्यात आली होती.

सभेला लोक आले ते सल्ले घेऊनच. दुसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बुडण्याची शक्यता किती?"

"नाही बुडत हो," मी म्हणालो. "जॅकेट असतात."

"नाही बुडत म्हणणारेच पॉलिसी घेत नाहीत. मग बायका माझ्याकडे येतात रडत."

तळमजल्यावर दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वल्हवताना माणूस दात आवळतो. माझ्याकडे एक पेशंट आहेत, नुसती सायकल चालवून दाढ फोडली त्यांनी. सगळ्यांनी तोंड उघडं ठेवून वल्हवायचं."

"खारं पाणी जाईल ना तोंडात."

"जाऊ दे. हिरड्यांना चांगलं असतं."

सेक्रेटरी पूर्वी दस्त नोंदणीच्या कचेरीत होते; कुठल्याही गोष्टीचे समितीत रूपांतर झाल्याशिवाय ती घडली असे त्यांना वाटत नाही. त्यांनी आहार समिती, सुरक्षा समिती आणि सराव समिती नेमली. मला सराव समितीत घेतले, कारण स्टुले माझी होती.

सराव माझ्याच हॉलमध्ये सुरू झाला. एकामागे एक स्टुले मांडली. वल्ह्यांच्या जागी झाडू आणि फरशी पुसायच्या दांड्या आल्या. प्रशिक्षिकाबाईंनी पाठवलेली चित्रफीत माझ्या फोनवर सुरू केली, तो काचेच्या भांड्याला टेकवून टेबलावर ठेवला, आणि इमारतीतली प्रतिष्ठित माणसे "एक... दोन..." करत पुढे-मागे झुलू लागली. माझ्या टीपॉयची कड त्यात गेली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी छतावर ठोकले. सेक्रेटरींनी तो ताल समजून त्याबरहुकूम वेग वाढवला.

आणि तेव्हा मला दिसले, की दादाने आपली खुर्ची फिरवली आहे. टाकीकडे त्याची पाठ होती आणि तोंड आमच्याकडे. मी बायकोकडे पाहिले. तिनेही पाहिले होते. टीपॉयबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

दादा बराच वेळ टेबलावरच्या फोनकडे पाहत होता. मग त्याने विचारले, "हे लोक चाललेत कुठं?"

"बेटांकडे, दादा," विमावाले धापा टाकत म्हणाले.

"मग बेटांकडे पाठ करून का बसलेत?"

झाडू जागच्या जागी थांबले. सगळे उठून फोनभोवती जमले. खरोखरच, होडी पुढे जात होती आणि वल्हवणारे चौघेही मागे तोंड करून बसले होते. समोर तोंड होते ते फक्त सुकाणू धरणाऱ्याचे. मी प्रशिक्षिकाबाईंना फोन लावला. "हो, तसंच असतं," त्या म्हणाल्या. "पाठीचा जोर लागतो ना. पुढचं फक्त सुकाणूवाल्याला दिसतं."

"आणि बाकीच्यांना काय दिसतं?"

"पुढच्याची पाठ."

ही माहिती मी सभेला दिली. सर्वांचे डोळे आपोआप विमावाल्यांच्या पाठीकडे वळले. ती रुंद आहे.

"म्हणजे इतकं लांब जायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि ह्यांची पाठ बघायची? मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघत आले हो. एक दिवस तरी मला समुद्राकडे बघू द्या."

"माझ्या पाठीला काय झालंय?" विमावाले म्हणाले.

"तिच्या पलीकडे बेट झालंय," बाई म्हणाल्या.

सुकाणू आपल्याकडे पदसिद्ध आहे, असे सेक्रेटरींनी त्याच क्षणी जाहीर केले. दुसऱ्या होडीचे सुकाणू ताबडतोब विमावाल्यांनी मागितले. त्यांच्या पाठीचा प्रश्न त्यामुळे परस्पर सुटतो, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. राहिलेल्यांत असंतोष पसरला. कुणी म्हणाले, पाळीपाळीने पाहू. कुणी आपल्या स्कूटरचा आरसा काढून आणला आणि डोक्याला रुमालाने बांधून पाहिला. त्याला स्वतःचा कान अतिशय स्पष्ट दिसला. शेवटी सेक्रेटरींनी टेबलावर हात ठेवला. "आपणच तोंड फिरवू. सगळे पुढे तोंड करून बसू आणि वल्ही उलटी मारू. होडीला काय कळतंय?"

हा ठराव एकमताने संमत झाला. त्याचा आराखडा मी काढला. तो, माझ्या मते, माझ्या कारकिर्दीतला सर्वांत सुबक आराखडा होता, आणि त्यातली चूक ओळखण्याइतके पाणी मी पाहिलेले नव्हते.

सगळ्या धांदलीत दादा रोज खुर्ची आमच्याकडे वळवून बसू लागला. सराव संपला की तो शेरे मारी. "तुमचे सेक्रेटरी एक म्हणतात तेव्हा दोन करतात." "त्या डॉक्टरीणबाईंना चष्मा लागलाय, डावा डोळा. त्यांना सांगू नकोस, मीच सांगेन." बायको चहाचे कप उचलताना उगीचच जास्त आवाज करत असे, ती खूश असली की तिच्या हातून भांडी वाजतात.

बंदर कार्यालयात परवानगी आणण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी सरकारी भाषा जाणतो असा समज होता. तो खिडकीपाशीच मावळला. खिडकीमागच्या बाईंनी आमचा अर्ज वाचला आणि दादाच्या नावावर पेन्सिल ठेवली.

"हे गृहस्थ वल्हवणार?"

"नाही, ते बसणार."

"साठीच्या पुढच्यांना तसंही वल्हवता येत नाही. आणि बसणारे म्हणजे प्रवासी. वल्ह्याच्या होडीत प्रवासी नेता येत नाहीत. माल नेता येतो."

मी थकलो होतो. "मग त्यांना माल म्हणून नेऊ का?" मी म्हणालो.

बाईंनी ते विनोद म्हणून घेतले नाही. "वजन किती? बांधून ठेवता येईल? भिजला तर खराब होतो?"

"स्वभाव होतो," मी म्हणालो.

"तो रकाना नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्याला बोलावले.

घरी येऊन मी हे दादाला गमतीने सांगितले. कारण गंभीरपणे सांगण्याचे धैर्य नव्हते. दादाने ऐकले आणि तो म्हणाला, "नाजूक माल, उलटा ठेवू नये, असं लिहायचं ना वरती." आणि तो हसला. आवाज न करता, फक्त खांदे हलवून, पण हसला. तेव्हा माझ्या मनात पक्के झाले, की सुकाणू दादाच्या हातात दिले पाहिजे. सुकाणू धरणारा ना वल्हवतो, ना नुसता बसतो.

पण हे सभेत मांडण्यापूर्वी क्लबच्या धक्क्यावर आमचा पहिला खराखुरा सराव झाला. प्रशिक्षिकाबाई दुसऱ्या एका तुकडीला जॅकेट देण्यात गुंतल्या होत्या. तेवढ्यात सेक्रेटरींनी आमच्या ठरावाची अंमलबजावणी केली. आम्ही चौघे पुढे तोंड करून बसलो. बैठका सरकत्या होत्या, पण आम्हाला हवे होते त्याच्या नेमक्या उलट सरकत. सेक्रेटरींचे पाय पुढे बसलेल्या डॉक्टरीणबाईंच्या पाठीला लागत होते. "एक!" ते ओरडले. आम्ही आराखड्याप्रमाणे वल्ही ओढली. होडी थरथरली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली, आणि मागे निघाली.

"पुढे! पुढे!" सेक्रेटरी ओरडले.

"आम्ही ओढतोच आहोत!"

"मग ढकला!"

अर्ध्यांनी ऐकले, अर्ध्यांनी ऐकले नाही. होडी स्वतःभोवती फिरू लागली. आम्हाला आता सगळीकडचे दृश्य दिसत होते, एकामागून एक, आणि परत परत. पण बेटे कुणीच पाहत नव्हते. डॉक्टरीणबाई तोंड उघडे ठेवून होत्या. ते सल्ल्याप्रमाणे होते की भीतीने, हे सांगता येत नाही. शेवटी आम्ही धक्क्यावर जाऊन आदळलो. तिथे विमावाले हातात आमचे मोबाइल धरून उभे होते. धक्का हलला, विमावाले हलले, आणि पाण्यात पडलेला एकमेव माणूस हा होडीत नसलेला माणूस ठरला. पाणी कमरेइतके होते. मोबाइल मात्र त्यांनी डोक्यावर धरून वाचवले, आणि त्याच अवस्थेत ते म्हणाले, "हे पॉलिसीत बसतं."

माझी पँट बसल्या जागी फाटली होती. मी घरी बसने उभा राहून आलो. जागा रिकाम्या असूनही. एका सज्जन बाईंनी मला त्यांच्या शेजारची जागा देऊ केली, तेव्हा मी "नको, व्यायाम सांगितलाय," असे उत्तर दिले.

संध्याकाळच्या सभेत मी धीर करून उभा राहिलो. "माझी एक सूचना आहे. एका होडीचं सुकाणू दादाला द्यावं. नियमात बसतं."

विमावाल्यांनी आपल्या ओल्या बुटांकडे पाहिले. सेक्रेटरी अत्यंत मऊ आवाजात बोलू लागले. माणसाला नकार देताना ते नेहमी मऊ होतात. "तुमच्या भावना समजतात हो मला. दादा सगळ्यांनाच आदरणीय आहेत. पण सुकाणू म्हणजे नेतृत्व. अचानक निर्णय घ्यावे लागतात. आज पाहिलंत ना?"

"पाहिलं," मी म्हणालो.

"तेव्हा मी असं सुचवतो, की दादांनी किनाराप्रमुख व्हावं. किनाऱ्यावर खुर्ची टाकू त्यांना. पिशव्या, बूट, मोबाइल सगळं त्यांच्या ताब्यात. फार जबाबदारीचं पद आहे. आणि आजच्या त्या आराखड्यामुळे..." इथे ते घुटमळले, "तुम्हाला राखीवमध्ये ठेवलं तर बरं, असं समितीचं मत पडलं."

मी राखीव! ही सहल ज्या वाक्यांमुळे जन्मली ती आमच्या चहाच्या टेबलावर उच्चारली गेली होती, आणि आज मी तिचा राखीव होतो. मला बोलायचे पुष्कळ होते. पण त्याआधी दादाचा आवाज आला. "चपला मोजून घेईन हो मी," तो म्हणाला. "काळजी करू नका." त्याच्या आवाजात रागही नव्हता, दुकानात गिऱ्हाइकाला 'उद्या या, फ्रेम तयार असेल,' म्हणावे, तसा सूर होता. लोक "वा, दादा!" म्हणाले आणि चहाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधण उकळले, दुधाची पिशवी आली, दूध सांडले. दादा बाहेर आला, त्याने चष्मा पुसला, खुर्ची उचलून खिडकीकडे फिरवली आणि तो टाकीकडे तोंड करून बसला.

बायकोने ओटा पुसला नाही. फडके हातात धरून ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. "तुम्ही कुणासाठी निघाला होतात," ती हळूच म्हणाली, "आणि कुणासाठी स्टुलं वाहताय?"

मी त्या दिवशी कचेरीत जाण्याआधी क्लबवर गेलो. प्रशिक्षिकाबाई धक्क्यावर होडीला पडलेल्या ओरखड्याला पॉलिश लावत होत्या. मला पाहून त्यांनी होडी थोडी आड ओढली.

"मला खरं सांगायचंय," मी म्हणालो. "ग्रुप नव्हता आमचा. मी आणि माझा मोठा भाऊ, एवढेच. त्याला बेट बघायचंय. तो वल्हवू शकत नाही."

"मग लहान होडी घ्या की," त्या म्हणाल्या. "ती तिकडची, बुटकी. शिकणाऱ्यांसाठीच आहे. एक जण वल्हवतो, दुसरा समोर बसून सुकाणूच्या दोऱ्या धरतो. खाडीतल्या पहिल्या बेटाला वळसा घालून यायचं, पलीकडे नाही जायचं. बंदरात काही विचारावं लागत नाही. मी बाजूने माझ्या होडीत असतेच."

"आणि वयाची अट?"

"सुकाणूला? दिसलं पाहिजे नीट."

मी त्या बुटक्या होडीकडे पाहत राहिलो. "हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही अर्थातच म्हणालात ना," बाई म्हणाल्या. "इतक्या जोरात म्हणालात, मला वाटलं कंपनी आहे एखादी."

त्यानंतर मी रोज पहाटे तिथे जाऊ लागलो. पाठ करून बसायला शिकलो. सरकत्या बैठकीवर तिला हवे तसे सरकायला शिकलो. हाताला फोड आले. कचेरीत विचारले तर मी सांगितले, की निविदांचे आराखडे फार आहेत. सेक्रेटरींना मी राखीव पदाचा राजीनामा घरगुती कारणास्तव दिला. तो स्वीकारण्यासाठी त्यांनी एक उपसमिती नेमली. सराव मी नसतानाही जोरात चालू राहिला, आता त्यांच्या हॉलमध्ये. स्टुले मात्र माझीच होती.

मग एका कामाच्या दिवशी दादा चष्मा पुसून खुर्चीकडे वळला, तेव्हा मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "बस नंतर. बूट घाल."

"कुठं?"

"मला वल्हवायचंय. डॉक्टरांनी सांगितलंय. आणि मागं काय आहे ते मला दिसत नाही. कुणीतरी डोळस माणूस पाहिजे."

दादाने माझ्याकडे पाहिले. त्याला सगळे कळले, हे मला कळले. तो आता ही काठीही झाडूशेजारी ठेवणार, असे मला वाटले. पण तो म्हणाला, "चष्मा इकडं दे आधी." त्याने माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, पिवळ्या फडक्याने पुसला आणि परत लावला. "आता चल."

पाणी शांत होते. तो माझ्यासमोर बसला, गळ्यापर्यंत केशरी जॅकेट, दोन्ही हातांत दोऱ्या. मी वल्ही टाकली आणि पुढे, म्हणजे माझ्या मागे, निघालो. धक्का लहान होत गेला. प्रशिक्षिकाबाईंची होडी एका बाजूला सावकाश येत होती. तेव्हा माझ्या लक्षात आले, की दादा आमच्याकडे राहायला आल्यापासून मी त्याच्या समोर असा कधी बसलोच नव्हतो. मला त्याची पाठ पाठ होती. चेहरा मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो.

"बारक्या, डावं जरा जोरात मार."

"डावं तुझं की माझं?"

"तुझं. माझ्याकडे कुठं वल्हं आहे?"

"दिसतंय का बेट?"

मी दहा-बारा वेळा वल्ही मारली. त्याने दोऱ्या गुडघ्याखाली दाबल्या, चष्मा काढला, आधी उजवी, मग डावी काच पुसली, आणि तो परत लावला.

"मान वळवून बघ की तू पण," तो म्हणाला.

"मान वळवली तर होडी वळते. तू सांग."

"हिरवं आहे. वाटलं होतं त्यापेक्षा बुटकं. इकडच्या अंगाला झाडं पार पाण्यात उतरलीत. वर एक खोली आहे, छप्पर पडलेलं. दारात काहीतरी बसलंय, बगळा असेल... नाही रे, दगड आहे." तो थांबला. "तुझी वहिनी म्हणाली असती, एवढ्यासाठी का मला आणलंत?" आणि त्याचे खांदे हलू लागले. या वेळी आवाजही आला. "सगळं बघून झालं की म्हणाली असती, मागच्या बाजूला काय आहे?"

मी वल्ही पाण्याबाहेर धरली. त्यांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होते. मला बेट दिसत नव्हते, पण त्याच्या झाडांचा ओला, थंड वास पाठीला लागत होता. तळहातांचे फोड ठणकत होते. घड्याळ दुपारच्या कचेरीकडे चालले होते.

"मग?" मी विचारले. "परत फिरायचं, की?"

दादाने दोऱ्या परत हातात घेतल्या आणि उजवी दोरी ओढली, अगदी हळू, चष्म्याची काडी सरळ करतात तशी.

कचेरीत मी अर्ध्या दिवसाची रजा सांगितली होती. वल्ही पाण्यात टाकताना मी ती मनातल्या मनात पूर्ण दिवसाची केली, आणि वळसा घेऊ लागलो.